झोपलेल्या प्रतीचे मोल

भिवापूर हे नाव नागपूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकास ठाऊक असलेच तर ते मिरचीमुळे. उमरेड मागे टाकून नागभीडच्या वाटेला लागले की हे तालुक्याचे गाव येते. येथील लाल मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तोडणीच्या दिवसांत बाजारात शिरणारा नवखा माणूस आधी शिंकतो व मग बोलतो. मात्र आमचे तेथे जाणे झाले ते खरिपाच्या तोंडावर, आणि कामही मिरचीचे नव्हते. नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना पीककर्जासाठी सातबारा हवा होता. सोबतीला आम्ही. खिडकीशी रांग होती, रांगेत धोतरे होती, नऊवारी होती, जीन्सही होती. खिडकीतून तीन शब्द आले, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ रांगेतली एक म्हातारी मागे वळून आम्हांस समजावू लागली, ‘बाप्पा, सर्वर डाउन हाये म्हन्ते. उद्या या लागन.’ इंग्रजीचा गंध नसलेल्या त्या माउलीच्या तोंडी हे शब्द ‘पाऊस नाही’ याच सुरात बसले होते. पाऊस नाही, लिंक नाही, सर्व्हर डाऊन आहे. दैवाकडून येणाऱ्या बातम्यांत एकीची भर पडली, एवढेच.

परतीच्या बसमध्ये आमच्या मनात एक भाबडा प्रश्न घोळत राहिला. एक सर्व्हर बसतो, तर दुसरा का उभा राहत नाही? पोटापाण्यासाठी आम्ही काही वर्षे या यंत्रांच्या शेजारी काढली आहेत, त्यामुळे उत्तराचा तांत्रिक भाग ठाऊक होता. तंत्र कधीच तयार झाले आहे. ज्या भागाबद्दल साहित्याच्या किंवा इतिहासाच्या पानांवर कोणी लिहीत नाही तो निराळाच आहे. दुसरा सर्व्हर नुसता उभा राहण्याचे, किंबहुना नुसता झोपून राहण्याचे मोल कोणी, कधी आणि कशाच्या आधारे ठरविले, हा तो भाग. तो इतिहास रुक्ष आहे असे मानण्याची प्रथा आहे. आम्हांस तो तसा वाटत नाही.

प्रारंभ मात्र यंत्रापासून करावयाचा नाही. महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत असावी ही समज आपल्याकडे जुनी आहे. मोडी दफ्तरांत मूळ पत्राच्या नकलेस ‘तालीक’ म्हणत. अस्सल एकाकडे, तालीक दुसऱ्याकडे. एक जळले, कुरतडले, लुटले गेले, तर दुसरे बोलावे ही योजना. १८५३ साली शेवटचे रघूजी भोसले वारले आणि नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. गावोगाव मालगुजार आणि त्याच्या सोबतीला पटवारी. या पटवाऱ्याच्या बस्त्यात खसरा असे, जमाबंदी असे, आणि गावाच्या निस्ताराच्या हक्कांची नोंद असे. मालगुजारी १९५१ साली संपली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६६ च्या जमीन महसूल संहितेनंतर पटवाऱ्याचा तलाठी झाला आणि खसऱ्याच्या जागी सातबारा आला. (कागदोपत्री. बोलण्यात नागपूरकडे तलाठ्यास अद्यापि पटवारीच म्हणतात.) पण एक गोष्ट टिकली. चालू कागद गावच्या बस्त्यात, जुना कागद तहसिलीच्या अभिलेख कक्षात, कापडी रुमालात बांधून. एखाद्यास नक्कल हवी असेल तर अर्ज करावा, नक्कल फी भरावी, नकलनवीस ती उतरवून देई. फी होती ती नकलेची, म्हणजे एका माणसाने बसून केलेल्या श्रमाची. रुमालात निजलेल्या कागदाने निजल्याबद्दल कोणाकडे काही मागितले नाही.

पुढे हे सारे यंत्रावर जाणार होते, आणि त्याची पहिली पावले भिवापूरपासून फार दूर पडली नाहीत. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता नागपूरच्या शेजारचा वर्धा. १९९७-९८ पासून ही योजना तालुका पातळीवर न्यावयाचे ठरले. २००८ मध्ये तिचे राष्ट्रीय आधुनिकीकरण कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि २०१६ पासून ‘डिजिटल इंडिया’ हे उपपद तिला लागले. या तीन दशकांत प्रतीची संकल्पनाच पालटली, आणि ती आपल्या लक्षात न येता पालटली. कागदाची नक्कल करणे कष्टाचे, पण ठेवणे फुकट. यंत्रातील नक्कल करणे बिनकष्टाचे, पण ठेवण्याचे मोल दुसराच कोणी ठरविणार.

तो दुसरा कोण, हे कळण्यासाठी अमेरिकेत जावे लागते. १९६० च्या दशकापर्यंत मोठ्या संगणकाबरोबर त्यावर चालणारी प्रणाली जणू मिठाईबरोबरच्या खोक्यासारखी येई. यंत्राचे भाडे भरा, प्रणाली त्यातच आली. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने प्रणाली आणि सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याची घोषणा केली. मक्तेदारीविरोधी खटल्याची टांगती तलवार हे एक कारण सांगितले जाते. कारण काही असो, त्या दिवसापासून सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकावयाची, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर न विकता वापरावयास देण्याची, वस्तू झाली. परवान्याचा जन्म तेथला.

आरंभी दुहेरी यंत्राचा प्रश्न यंत्रकारांनीच सोडविला होता. १९७४ साली स्थापन झालेल्या टँडेम कंपनीने १९७६ मध्ये जे ‘नॉनस्टॉप’ यंत्र बाजारात आणले त्यात महत्त्वाचे सगळेच भाग जोडीने असत. बँका व शेअर बाजार यांना ते फार आवडले. तेथे दुसऱ्या भागाची किंमत यंत्राच्या किमतीतच होती. कोणी विचारले नाही की यातला अर्धा भाग झोपलेला आहे, त्याचे पैसे का? नंतर छोटे, स्वस्त सर्व्हर आले. एका महागड्या दुहेरी यंत्राऐवजी दोन साधी यंत्रे शेजारी ठेवून तेच काम होऊ लागले. मग मात्र प्रणाली विकणाऱ्यांसमोर पेच उभा राहिला. दोन यंत्रे म्हणजे दोन परवाने की एक?

मुळात एका यंत्राचेच मोल कशावर ठरवावे यावर त्यांचे एकमत नव्हते. कधी वापरणारी माणसे मोजली, कधी यंत्रे. ओरॅकलने १९९९ च्या सुमारास एक विलक्षण माप आणले. यंत्रातील प्रोसेसरांची संख्या गुणिले त्यांचा वेग, जो येईल तो आकडा, आणि त्या आकड्यावर दर. म्हणजे तेच काम, तेच कर्मचारी, तोच सातबारा. पण नवे वेगवान यंत्र घेतले की प्रणालीचे मोल वाढले. शेतात अधिक दमाचा बैल आणला म्हणून बियाण्याचा भाव चढवावा तसा हा प्रकार. ग्राहकांनी इतकी ओरड केली की जून २००१ मध्ये तो मागे घेऊन कंपनी ‘दर प्रोसेसरमागे’ या हिशोबावर आली.

त्याच महिन्यात ओरॅकलने आपल्या नवव्या आवृत्तीसोबत दोन-चार सर्व्हर मिळून एकच डेटाबेस चालविण्याची सोय मोठ्या गाजावाजाने आणली. एक सर्व्हर पडला तर उरलेले काम ओढतात. त्या काळचा यादीतला भाव मुख्य आवृत्तीस प्रोसेसरमागे ४०,००० डॉलर आणि या समूहसोयीस आणखी २०,००० असा होता. हिशोब करून पाहू. दोन प्रोसेसरांचे एक यंत्र एकटे चालवायचे तर ८०,००० डॉलर. तसेच दुसरे शेजारी ठेवून दोघांना जोडले की प्रोसेसर चार, मुख्य आवृत्तीचे १,६०,००० आणि समूहसोयीचे ८०,०००, एकूण २,४०,०००. यंत्रे दुप्पट झाली, प्रणाली तिप्पट. रुपया तेव्हा डॉलरला ४७ च्या आसपास होता, म्हणजे एक कोटी तेरा लाखांच्या जवळपास, शिवाय वर्षाला २२ टक्के देखभालीचे. यादीतले भाव कोणी जसेच्या तसे देत नाही, घासाघीस होते, हे खरे. पण घासाघीस करण्यासाठी टेबलाच्या पलीकडे बसण्याची ऐपत लागते.

‘आमचा दुसरा सर्व्हर काही करीतच नाही, पहिला पडला तरच उठतो’, असे म्हणणाऱ्यासाठी कंपनीने एक सवलत लिहून ठेवली आहे. आमच्या मते परवान्याच्या साऱ्या वाङ्मयात वाचण्याजोगे कलम हेच. दोन सर्व्हर एकाच सामाईक साठवणीस जोडलेले असतील, तर बिनपरवान्याच्या राखीव सर्व्हरवर वर्षातून एकंदर दहा दिवस काम चालविता येते. पहिला दुरुस्त झाला की काम त्याच्यावर परत न्यावे. आणि दिवस मोजण्याची रीत अशी की मंगळवारी दोन तास आणि शुक्रवारी तीन तास राखीव सर्व्हर चालला तर पाच तास न धरता दोन दिवस धरावेत. हे उदाहरण आमचे नव्हे, त्यांच्याच धोरणपत्रात दिलेले आहे. आता हा नियम विदर्भातल्या तालुक्याच्या गावी नेऊन पाहा. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. भारनियमन नावाचा शब्द तेव्हा घराघरांत वेळापत्रकासारखा टांगलेला होता. इन्व्हर्टर दमला, पहिले यंत्र पडले, दुसरे उठले, असे आठवड्यातून एकदा जरी झाले तरी जानेवारीत सुरू झालेले दहा दिवस मार्च उजाडताना संपले. सिलिकॉन व्हॅलीत बसून ज्याने दहा हा आकडा लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे आपत्ती ही क्वचित येणारी गोष्ट होती. आपल्याकडे ती रोजची.

आणि ज्या व्यवस्थेत राखीव सर्व्हर दूरच्या गावी बसून मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक फेरफार स्वतःकडे उतरवून घेत असतो, तिला ही दहा दिवसांची सवलतही लागू नाही. तेथे पहिल्या दिवसापासून पुरा परवाना. आमच्या जुन्या भाषेत बोलायचे तर रुमालात निजलेल्या कागदावर सारा.

मायक्रोसॉफ्टची वाट निराळी, पण वळणे तीच. त्यांच्या एसक्यूएल सर्व्हरसाठी एका निष्क्रिय राखीव सर्व्हरला बराच काळ वेगळे मोल नव्हते. २०१२ मध्ये मोजणी प्रोसेसरावरून त्यातील गाभ्यांवर, म्हणजे कोअरवर, आली. एका प्रोसेसराचे किमान चार गाभे धरावेत असा दंडकही आला. २०१४ च्या आवृत्तीपासून मोफत राखीव सर्व्हर केवळ वार्षिक हप्ता भरणाऱ्यांसाठी उरला. म्हणजे दान राहिले, पण देवळात प्रवेशाची पावती लागू झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच हप्तेकऱ्यांना आणखी उदार सवलती मिळाल्या. एक राखीव सर्व्हर जवळ, एक दूर, आणि आणखी एक त्यांच्याच मेघसेवेत.

‘निष्क्रिय’ या शब्दाची व्याख्या पाहावी. निष्क्रिय सर्व्हरने कोणास माहिती वाचू देऊ नये. त्याने अहवाल काढू नयेत. कित्येक वर्षे असेही होते की त्याच्यावरून सुरक्षाप्रत काढली तर तो सक्रिय झाला. ही एक गोष्ट २०१९ मध्ये सैल केली गेली. आयबीएमच्या परिभाषेत राखीव यंत्रे थंड, कोमट आणि तप्त अशी तीन प्रकारची असतात. थंड व कोमट यंत्रास काही उत्पादने सोडता मोल नाही, तप्तास पुरे. कोमटाचे तप्त कधी होते यावर विधिज्ञ आणि अभियंते यांच्यात घनघोर पत्रव्यवहार झालेले आम्ही पाहिले आहेत. शंकराचार्यांच्या भाष्यात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या सीमारेषांवर जेवढा विचार झाला असेल त्याच्या निम्मा तरी या कारकुनी तत्त्वज्ञानाने केला असावा. असो.

या व्याख्येचा खरा परिणाम पैशाहून खोल आहे, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. जे यंत्र वापरले की पैसे पडतात, ते यंत्र कोणी वापरून पाहत नाही. राखीव सर्व्हर वर्षभर कोपऱ्यात गुणगुणत राहतो. त्याची डिस्क भरत आली आहे, त्याचा संकेतशब्द जुना झाला आहे, मुख्य सर्व्हरवर मागल्या महिन्यात घातलेली दुरुस्ती याच्यावर घालायची राहून गेली आहे, हे कोणास कळत नाही; कारण त्याला जागे करून पाहण्याची मुभा परवान्याने मोजून दिलेली. ओरॅकलच्या त्याच धोरणपत्रात सुरक्षाप्रतीची चाचणी बिनपरवान्याच्या यंत्रावर वर्षातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन दिवसांपर्यंत करण्यास संमती आहे. चार वेळा म्हणजे पुष्कळच, असे वाचक म्हणेल. पण जेथे ‘कदाचित चालणार नाही, मग उगीच प्रश्न नकोत’ ही वृत्ती आहे, तेथे चाराचे शून्य होण्यास वेळ लागत नाही. एका कचेरीत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, राखीव सर्व्हर चालू करण्याची वेळ आली तेव्हा तो दीड वर्षापूर्वीच्या माहितीवर उठला. आम्ही तेथे होतो. सर्वजण एकमेकांकडे पाहत राहिले, आणि मग एकाने शांतपणे तो पुन्हा झोपविला.

येथे कायद्याकडे वळले पाहिजे, आणि येथे हा विषय अगदी अनपेक्षितपणे आमच्या नेहमीच्या वाचकांच्या प्रांतात येतो. भारतीय कायद्याच्या दृष्टीने संगणकप्रणाली ही साहित्यकृती आहे. उपरोध नाही, व्याख्याच तशी आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि ‘साहित्यकृती’ या संज्ञेत संगणकप्रणालींचा समावेश करण्यात आला. १९९४ च्या दुरुस्तीने डेटाबेसही त्यात घेतले. जागतिक व्यापार करारानेही तेच म्हटले. तेव्हा तलाठ्याच्या फेरफारनोंदी सांभाळणारी प्रणाली आणि एखादी कादंबरी कायद्यापुढे एका पंगतीस बसतात. कादंबरी विकत घेतली की तिची एक प्रत घरी आणि एक प्रत गावी ठेवण्यासाठी दुसरी विकत घ्यावी लागते, हे तर आपण मान्यच करतो. मग सर्व्हरच्या बाबतीत तक्रार का?

कारण कायद्याने प्रणालीला कादंबरीहून थोडे वेगळे वागविले आहे. कलम ५२ मध्ये जे वापर उल्लंघन ठरत नाहीत त्यांची यादी आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीने तिच्यात एक पोटकलम सुस्पष्ट केले. प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने हानी, नाश किंवा बिघाड यांपासून निव्वळ तात्पुरते संरक्षण म्हणून, आणि ज्या कामासाठी प्रणाली मिळाली त्याच कामासाठी, सुरक्षाप्रत करून ठेवणे हे उल्लंघन नव्हे. हे वाचताना आम्हांस तालिकेची आठवण झाली. अगदी तीच भावना! पण हे कलम ज्या काळी लिहिले गेले त्या काळी सुरक्षाप्रत म्हणजे कपाटातल्या डब्यातली फ्लॉपी होती. ती फ्लॉपी मूळ प्रतीच्या श्वासागणिक स्वतः श्वास घेत नव्हती. आजचा राखीव सर्व्हर सदैव चालू असतो, प्रत्येक नोंद क्षणात उतरवून घेतो. त्याला ‘तात्पुरते संरक्षण’ म्हणावे की दुसरा वापर? आमचे मत विचाराल तर कलमाचा हेतू पहिल्या बाजूस झुकतो आणि त्याचे शब्द दुसऱ्या बाजूस. व्यवहारात शब्द जिंकतात, कारण ग्राहकाने परवान्याच्या करारावर सही केलेली असते आणि ती सही करताना कलम ५२ कोणाच्या हाताशी नसते.

न्यायालयांनी याच्या शेजारचे प्रश्न सोडविले आहेत. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात तयार स्वरूपात विकल्या जाणाऱ्या प्रणालीस ‘माल’ मानले. म्हणजे तिच्यावर विक्रीकर लागणार. २ मार्च २०२१ रोजी त्याच न्यायालयाने इंजिनीअरिंग ॲनालिसिस प्रकरणात असे ठरविले की विदेशी कंपनीची प्रणाली वापरण्यासाठी भरलेली रक्कम ही प्रतिलिप्यधिकाराचे स्वामित्वशुल्क नव्हे, कारण वापरणाऱ्यास मूळ अधिकारातले काहीच मिळत नाही. दोन्ही निकाल कराचे आहेत. पण एकत्र वाचले तर गंमत दिसते. कर घेताना तो मिरचीच्या पोत्यासारखा माल आहे; आणि घेणाऱ्याच्या हाती काय आले, तर वापराची परवानगी. पोते विकत घेणारा ते अर्धे इकडे, अर्धे तिकडे ठेवू शकतो. येथे तसे नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती न्यायालयातून नव्हे. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला डेटाबेसचा प्रकल्प १९९६ साली ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या नावाने स्वयंसेवकांच्या हाती गेला होता. प्रणाली मुक्त, परवाना जेमतेम पानभराचा, यंत्रे किती याची मोजणी नाही. परंतु वर्षानुवर्षे तिची एक उणीव सांगितली जाई की राखीव सर्व्हरची सोय मोडकी आहे. बाहेरची जोडकामे लावावी लागत. २० सप्टेंबर २०१० रोजी आलेल्या ९.० आवृत्तीने ती उणीव भरून काढली. फुजी मासाओ, हेक्की लिन्नाकांगस, सायमन रिग्ज अशा जपान, फिनलंड, इंग्लंडच्या माणसांच्या खटपटीतून दोन गोष्टी एकदम आल्या. मुख्य सर्व्हरवरचे बदल राखीव सर्व्हरकडे अखंड वाहत राहणे ही एक, आणि राखीव असतानाच त्याच्याकडून माहिती वाचता येणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी ओरॅकल २००७ पासून निराळे पैसे घेत होती. मुक्त प्रणालीत मात्र ‘सक्रिय की निष्क्रिय’ हा प्रश्नच पुसला गेला. झोपलेल्या प्रतीने डोळे उघडले तरी बिल येईना! आमच्या लेखी डेटाबेसच्या इतिहासात हा दिवस मोठा आहे, जरी त्या दिवशी कोठे पेढे वाटले गेले नसले तरी. (रिग्ज २०२४ मध्ये विमान अपघातात गेले.) २०१५ साली भारत सरकारनेही शासकीय प्रणालींत मुक्त स्रोतास प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

मुक्त म्हटले की सारे सुटले असे मानणाऱ्या मित्रांसाठी मात्र एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. मायएसक्यूएल ही दुसरी लोकप्रिय मुक्त प्रणाली २००८ मध्ये सन कंपनीने सुमारे शंभर कोटी डॉलरांना घेतली आणि २०१० च्या जानेवारीत सनसकट ती ओरॅकलकडे गेली. तत्पूर्वीच, २००९ मध्ये, तिचे मूळ कर्ते माँटी विडेनियस यांनी मुक्त परंपरा टिकावी म्हणून ‘मारियाडीबी’ ही शाखा काढली होती. आणि त्याच घराने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मॅक्सस्केल’ या आपल्या प्रणालीचा परवाना पालटला. मॅक्सस्केलचे काम काय? पुढे उभे राहून, कोणता सर्व्हर जिवंत आहे ते पाहून, मागणी त्याच्याकडे वळविणे. म्हणजे नेमके उच्च उपलब्धतेचे काम. नव्या परवान्याची अट अशी होती की प्रत्यक्ष व्यवहारात तीनपेक्षा कमी सर्व्हरांसाठी वापर मोफत. काही वर्षांनी ती ती आवृत्ती मुक्त होणार, पण तोवर तिसऱ्या सर्व्हरपासून मोल.

तीनच का? तंत्र ठाऊक असलेल्यास येथे हसू येईल. दोन सर्व्हर असले आणि त्यांच्यामधली तार तुटली तर प्रत्येकास वाटते की दुसरा मेला. दोघेही स्वतःस मुख्य समजून नोंदी घेऊ लागतात, आणि एकाच गटाचे दोन मालक तयार होतात. हे टाळायचे तर बहुमत हवे, आणि बहुमतासाठी किमान तीन. पंचायतीत दोनच पंच बसविले तर तंटा तुटत नाही हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. समूहाची रचना ज्या संख्येपासून खऱ्या अर्थाने विश्वासार्ह होते, मोजणी नेमकी त्या संख्येपासून सुरू केली होती. व्यापाऱ्याची नजर अभियंत्याइतकीच तीक्ष्ण असते, एवढेच यावरून घ्यावे. त्यांनाही घर चालवायचे होते, हेही खरे.

एकदा दिलेले काढून घेण्याची रीत सगळीकडेच आहे. ओरॅकलने दहाव्या आवृत्तीपासून आपल्या स्वस्त आवृत्तीत सर्व्हरसमूहाची सोय विनामूल्य दिली होती. कित्येक मध्यम संस्थांनी त्या भरवशावर व्यवस्था उभारल्या. २०१९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. पुढल्या वर्षी तिच्या जागी एक साधी, एकाने पडावे दुसऱ्याने उठावे अशी सोय आली. जुने कपडे मागून घेऊन पंचा द्यावा, तसे.

महाराष्ट्राच्या सातबाऱ्याचे पुढे काय झाले? तालुक्यातालुक्यातील वेगवेगळ्या संगणकांवरची माहिती हळूहळू एकत्र येऊन केंद्रीय सर्व्हरांवर गेली. ई-फेरफार आले. सहा महसुली विभागांचे सातबारे संकेतस्थळावर दिसू लागले. २०१७ च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाईन भरावयाचे ठरले तेव्हा गावकऱ्यांनी केंद्रांवर रात्री जागविल्या त्या आठवणी ताज्या आहेत. जानेवारी २०१८ मध्ये राज्याने सार्वजनिक मेघसेवेचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तीही एका सामाईक, मेघाधारित प्रणालीवर.

हे एकत्रीकरण योग्य की अयोग्य? आम्ही सरसकट विरोधात नाही. तालुक्याच्या गावी दोन सर्व्हर, त्यांचा गारवा, त्यांची वीज, आणि रात्री दोन वाजता उठून त्यांच्याकडे पाहणारा जाणता माणूस ही अपेक्षा भाबडी आहे. मुक्त प्रणालीचा परवाना फुकट असला तरी तो माणूस फुकट नाही. आणि एकाच ठिकाणी परवाने घेतले तर दर सातबाऱ्यामागे त्यांचे ओझे नगण्य होते. पण हिशोबाची दुसरी बाजू आहे. पूर्वी उमरेडच्या बस्त्यास आग लागली तर भिवापूरचा शेतकरी अडत नसे. आता दूरच्या एका दालनातील एक भाग निकामी झाला की सहा विभागांच्या खिडक्यांतून एकाच वेळी तेच तीन शब्द ऐकू येतात. उपलब्धतेची टक्केवारी सांगणारे ९९.९ हा आकडा अभिमानाने सांगतात. वर्षाच्या ८,७६० तासांतले ते पावणेनऊ तास. ते पावणेनऊ तास जानेवारीच्या रात्री पडले तर कोणास पत्ता लागत नाही. ते पेरणीआधीच्या आठवड्यात, कचेरीच्या वेळेत पडले तर एक पूर्ण दिवस मजुरी बुडवून आलेल्या माणसांची रांग परत जाते. टक्केवारीत हा फरक दिसत नाही, आणि परवान्याच्या कलमांत तर मुळीच नाही.

शिवाय मेघसेवेत परवाना दिसेनासा होतो. तासाच्या भाड्यात तो विरघळतो. राखीव सर्व्हर हवा असा एक चौकोन टिचकीने भरावा आणि भाडे जवळपास दुप्पट व्हावे, इतके ते सोपे. दहा दिवसांची मोजणी नाही, थंड-कोमटाचा वाद नाही. त्यामुळे वाद संपला असे वाटते, पण आमच्या पाहण्यात तो एका टिचकीत आकुंचला आहे. अंदाजपत्रक बनविणारा मनुष्य वर्षअखेरीस खर्च कमी करावयाचा म्हणून पहिल्यांदा कोणता चौकोन रिकामा करतो? जो भाग गेल्या वर्षी एकदाही उपयोगास आला नाही, तोच. निजलेल्या प्रतीची बाजू मांडणे तेव्हाही अवघड होते, आताही आहे. ती काम करीत नाही हेच तिचे काम, हे लेखापरीक्षकास पटवावे कसे?

त्या वृद्ध गृहस्थांचा सातबारा दुसऱ्या दिवशी निघाला. एका दुकानातल्या संगणकावर, डिजिटल स्वाक्षरीचा, शासनाचे शुल्क पंधरा रुपये. वर दुकानदाराचे वेगळे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, गट क्रमांक बोटाने वाचला, आणि दुकानदारास म्हणाले, ‘याची अजून एक काढ बाबू. एक घरी ठेवतो.’ दुकानदाराने छपाईचे पाच रुपये घेतले आणि दुसरी काढून दिली.